सर्व्हिसिंगला दिलेल्या गाडीवर न विचारता कामं केली, बिल अडीचपटीहून जास्त झालं: पैसे परत कसे मागायचे?

फोंड्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. चतुर्थीला गावच्या घरी जायचं म्हणून त्यांनी आपली चार वर्षांची पेट्रोल हॅचबॅक डीलरच्या सर्व्हिस सेंटरला वर्षाच्या सर्व्हिसिंगसाठी दिली. गाडी ३१,००० किलोमीटर चाललेली, एक्स्टेंडेड वॉरंटीचं वर्ष अजून बाकी. सकाळी अंदाज सांगितला ७,२०० रुपये, संध्याकाळी बिल हातात पडलं १८,९४० रुपयांचं. मधे एकही फोन नाही. विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, गाडीला गरज होती, करून टाकलं." पैसे भरल्याशिवाय गेटपास मिळणार नाही, हेही सांगितलं. बाहेर पाऊस, घरी सगळे वाट बघत बसलेले. त्यांनी कार्डाने पैसे भरले आणि गाडी आणली. आता त्या विचारतात की यातलं काही परत मिळेल का, आणि पुढच्या वर्षी डीलरकडेच जावं की बाहेरच्या गॅरेजमध्ये?

मी गोव्यात डीलरच्या वर्कशॉपमध्ये आधी सर्व्हिस ॲडव्हायझर आणि पुढे वर्कशॉप मॅनेजर होतो. आता म्हापशाजवळ माझं स्वतःचं गॅरेज आहे. त्यामुळे डीलर की गॅरेज या प्रश्नावर माझं मत वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा. बिलाबद्दल मात्र मी जे सांगतोय ते दोन्हीकडे सारखंच लागू आहे.

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक, "महाग लावलं." दुसरी, "न विचारता केलं." बहुतेक लोक पहिलीवर भांडायला जातात, कारण आकडा डोळ्यांत खुपतो. काउंटरवरच्या माणसाला तेच हवं असतं. "आमचे रेट कंपनीने ठरवलेले आहेत, बोर्डावर लावलेत" एवढं त्याने म्हटलं की तुमचं बोलणं खुंटतं. लेबरचा दर किती असावा याचं कुठलंही सरकारी पत्रक नाही. पर्वरीच्या वर्कशॉपने ब्रेक पॅड बदलायचे ९०० घेतले आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजने ३०० घेतले, तरी ९०० घेणं हा काही गुन्हा होत नाही. महाग म्हणून भांडाल तर बहुतेक हराल.

परवानगीची गोष्ट वेगळी. शिंप्याकडे ब्लाउज शिवायला टाकावा आणि त्याने न विचारता अस्तर, लेस, गोंडे लावून तिप्पट शिलाई मागावी, तसं हे झालं. अस्तर चांगल्या प्रतीचं आहे का, हा मुद्दाच नाही. तुम्ही ते सांगितलं होतं का, एवढाच प्रश्न आहे, आणि सांगितलं होतं हे दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून तुमच्या पत्रात, फोनवर, समोर बोलताना "महाग" हा शब्द शक्यतो येऊच देऊ नका. "या कामांना माझी संमती घेतलेली नाही" हेच वाक्य धरून राहा.

आता यात काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते मोकळेपणाने सांगतो, कारण सगळा निकाल एका कागदावर आहे: जॉबकार्ड. गाडी आत घेताना ॲडव्हायझर जे भरतो आणि ज्यावर तुमची सही घेतो ते. त्यात किलोमीटर, पेट्रोल किती, ओरखडे कुठे, तुम्ही सांगितलेल्या तक्रारी आणि अंदाजे खर्च असतो. सही केलीत तेव्हा त्यावर फक्त "पिरिऑडिक सर्व्हिस" होतं की खाली बारीक अक्षरांत आणखी चार कामं आधीच लिहिलेली होती? गर्दीच्या सकाळी ती चार कामं छापून येतात, ॲडव्हायझर बोट सहीच्या जागेवर ठेवतो, आणि माणूस सही करतो. दुसरं, कागदाच्या मागे बहुधा एक अट असते की दुरुस्तीसाठी आवश्यक वाटल्यास जादा काम करण्याची मुभा ग्राहक देत आहे. तिसरं, हल्ली मोबाइलवर लिंक येते, ती उघडून "मान्य" दाबलं किंवा ओटीपी सांगितला की ती संमती धरली जाते. "गाडी आत घेण्यासाठी ओटीपी लागतो" असं सांगून मागितलेला ओटीपी नेमका कशाचा होता, ते त्या दिवशीचे मेसेज काढून बघा.

यातलं काहीच नसेल, जॉबकार्डावर फक्त सर्व्हिस असेल, तर तुमची बाजू भक्कम. चार कामं आधीच छापलेली आणि खाली तुमची सही असेल, तर बाजू कमजोर होते, पण संपत नाही. अंदाज ७,२०० चा लिहून त्यात बसूच शकत नाहीत अशी कामं त्याच कागदावर असतील, तर ती तुम्हाला समजावून सांगितली नव्हती हे तो आकडाच सांगतो. मागच्या बाजूच्या अटीचंही तसंच. "आवश्यक दुरुस्ती" म्हटल्यावर गळणारा पाइप बसतो. एसीत मारलेला सुगंधी फवारा त्यात बसत नाही.

जॉबकार्डाची प्रत तुमच्याकडे नसेल तर आधी तीच मागा. सोबत टेक्निशियनचा तपासणी तक्ता मागा, ज्यात ब्रेक, टायर, बॅटरी यांची मापं लिहिलेली असतात. आणि बदललेले जुने भाग. यांची घाई करा, कारण भंगारवाला आला की ते गेले. वॉरंटीत बदललेला भाग कंपनीकडे परत जातो, तो तुम्हाला मिळणार नाही. पण ज्याचे पैसे तुम्ही भरलेत तो जुना भाग तुमचा आहे.

आता बिलाकडे येऊ. तुम्ही कळवलेल्या आकड्यांवरून मी त्याचे तीन वाटे करतो. नेहमीची सर्व्हिस, म्हणजे ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, लेबर, मिळून ६,९००. हे सांगितलेल्या अंदाजात बसतं, याला हात लावू नका. पुढचे ब्रेक पॅड लेबरसह ४,०५०, अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,१०० आणि वायपर ८४० मिळून ५,९९०. यावर बोलणं होऊ शकतं. आणि इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) क्लीनिंग १,४५०, इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं) ६५०, एसी डिसइन्फेक्टंट १,१५०, अँटिरस्ट कोटिंग २,८०० मिळून ६,०५०. हा वाटा पूर्ण परत मागा, एक रुपयाही न सोडता.

शेवटच्या वाट्याला वर्कशॉपच्या भाषेत व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस म्हणतात. प्रत्येक ॲडव्हायझरला महिन्याला याचं टार्गेट असतं आणि त्यावर इन्सेन्टिव्ह. यात नफा भरपूर, वेळ थोडा. चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात अख्ख्या गोव्याच्या गाड्या एकदम येतात, ॲडव्हायझरच्या हातात रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त जॉबकार्डं असतात, प्रत्येकाला फोन करून समजावत बसायला वेळ नसतो आणि टार्गेट तर तेच असतं. तो मुलगा वाईट असतो असं नाही. पण त्याच्यावरच्या ताणाचे पैसे तुम्ही भरायचे, हे मला कधीच पटलेलं नाही.

एकेक काम बघा. इंजेक्टर क्लीनिंग म्हणून पुष्कळदा टाकीत एक बाटली ओततात. मशीन लावून करणं वेगळं, त्याला वेळ लागतो. बिलात कुठलं ते विचारा. गाडी नीट सुरू होते, ॲव्हरेज पडलेलं नाही, चेक इंजिनचा दिवा नाही, तर ३१,००० किलोमीटरला त्याची गरज काय होती, हे त्यांनी लिहून द्यावं. इंजिन फ्लशचं उत्तर तुमच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. ओनर्स मॅन्युअलमध्ये मेंटेनन्सचा तक्ता असतो: किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय तपासायचं आणि काय बदलायचं. जे त्या तक्त्यात नाही ते कंपनीने सांगितलेलं नाही, डीलरने सांगितलेलं आहे. हा फरक समोरच्याला शांतपणे दाखवा.

एसीचा वास ही गोव्यातली खरी तक्रार आहे, पावसाळ्यात एव्हापोरेटर, म्हणजे एसीतला हवा थंड करणारा भाग, ओलाच राहतो आणि कुबट वास येतो. पण त्यावर पहिला उपाय केबिन फिल्टर बदलणं आणि पाणी जायची नळी मोकळी करणं. ते न करता फवारा मारला तर चार दिवस वास दबतो, एवढंच.

अँटिरस्ट कोटिंगबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे माझं मत डीलरच्या बाजूचं वाटेल. गोव्यात गाडीचा खालचा भाग गंजतो. मिरामार, कळंगुट, कोलव्याच्या बाजूला खारा वारा, वर जून ते सप्टेंबर सतत पाणी. चांगलं कोटिंग इथे उपयोगाचंच आहे. पण ते करायचं तर गाडी लिफ्टवर घेऊन खालून धुवायची, चिखल खरवडायचा, पूर्ण वाळवायची, मग फवारायचं आणि सुकू द्यायचं. ओल्या पत्र्यावर मारलं तर पाणी आत कोंडतं आणि गंज उलट लवकर धरतो. म्हणून हे काम एप्रिल-मे महिन्यात करून घ्यावं. श्रावण-भाद्रपदाच्या पावसात, सर्व्हिसिंगची रांग लागलेली असताना, सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी परत देऊन झालेलं कोटिंग कसं झालं असेल, याचा विचार करा. तुमच्या गाडीचा गेटवरचा आत-बाहेरचा वेळ मागा. ऑइल, ब्रेक, अलाइनमेंट, वॉशिंग आणि वर हे कोटिंग त्या वेळात बसतं का, हा प्रश्न पत्रात घाला. मोबाइलचा टॉर्च घेऊन चाकामागे वाकून फोटोही काढा. चिखलावरच काळा थर दिसला तर तो फोटो तुमचा सर्वांत बोलका पुरावा.

मधल्या वाट्यातले ब्रेक पॅड मात्र मी सरळ "फसवलं" म्हणून सोडणार नाही. नव्या पॅडचा घासला जाणारा थर गाडीगणिक साधारण ८ ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायची वेळ झाली. आता आपल्याकडची गंमत नाही, अडचण अशी की कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्या पिना दमट हवेत आणि पाण्यात गंजून अडकतात. अडकल्या की पिस्टनच्या बाजूचा, म्हणजे आतला पॅड जास्त झिजतो आणि बाहेरचा जाडच राहतो. चाकाच्या फटीतून बघणाऱ्याला बाहेरचाच दिसतो आणि वाटतं, पॅड तर चांगले होते. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत बाहेरचा पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक होता आणि आतला धातूला टेकला होता. डिस्कवर नखाला लागेल अशी खाच पडलेली. मालक चोर्ला घाटातून बेळगावला ये-जा करणारे, त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. म्हणून जुने पॅड हातात घ्या, चारही, आणि साध्या पट्टीने थर मोजा. सगळ्यांत झिजलेला ३ मिलिमीटरच्या आत असेल, तर काम गरजेचं होतं. न विचारल्याबद्दल तक्रार करा, पण पैसे परत मागण्याच्या यादीतून ते काढा. ५-६ मिलिमीटर शिल्लक असेल तर ते ४,०५० यादीत घाला. आणि जुने पॅड त्यांनी दिलेच नाहीत, तपासणी तक्त्यात मापही नाही, तर गरज सिद्ध करायला त्यांच्याकडे काहीच उरत नाही. पॅड बदलताना सरकत्या पिना साफ करून ग्रीस लावलं का, हेही विचारा. त्यासाठी "ब्रेक क्लीनिंग" म्हणून वेगळं लेबर लावलं असेल तर चाक एकदाच खोलून दोनदा पैसे घेतले, तो फरक मागा.

अलाइनमेंटचं सोपं आहे. मशीन आधीचे आणि नंतरचे कोन छापून देतं. तो कागद द्या म्हणावं. कागद नसेल तर १,१०० परत. वायपर नवे दिसत असतील आणि काच स्वच्छ पुसत असतील, तर भर पावसात त्यांच्यासाठी भांडू नका, माझा सल्ला.

किमतीतही एक-दोन गोष्टी अशा आहेत की तिथे "महाग" हा नुसता मताचा मुद्दा राहत नाही. सुट्या भागाच्या पाकिटावर एमआरपी असते आणि तिच्यात सगळे कर धरलेले असतात. बिलात भागाची मूळ किंमत वेगळी, जीएसटी वेगळा दाखवलेला असतो. दोन्हींची बेरीज एमआरपीच्या वर जाता कामा नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, लेबरवर आधीपासूनच १८ टक्के. कुठे २८ दिसला तर ती चूकच. ऑइल पिंपातून भरतात आणि लिटरवर लावतात, तेव्हा बिलातले लिटर आणि मॅन्युअलमध्ये फिल्टरसह दिलेली क्षमता जुळवून बघा. "कन्झ्युमेबल्स" नावाची मोघम ओळ असेल तर तिच्यात काय काय आलं ते लिहून मागा. एमआरपीच्या वर वसुली झाली असेल तर वजन-मापे खात्याकडे स्वतंत्र तक्रार करता येते.

गेटपास अडवण्याबद्दल. हे लोकांना सर्वांत जास्त घाबरवतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे ज्याने तुमच्या वस्तूवर मेहनत किंवा कौशल्य खर्च केलं, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घ्यायचा हक्क आहे. म्हणजे डीलर अगदी मनचंच सांगत नव्हता. पण ते कलम ज्या हेतूने वस्तू सोपवली त्या हेतूला धरून केलेल्या कामापुरतं बोलतं. तुम्ही गाडी सर्व्हिसिंगला सोपवली होती, त्या ६,९०० साठी तो गाडी रोखू शकला असता. न सांगितलेल्या कोटिंगच्या २,८०० साठी त्याच कलमाचा आधार घेणं अवघड आहे. ब्रेक पॅडच्या बाबतीत डीलरवाले त्याच कायद्याच्या कलम ७० कडे बोट दाखवतील, की फायदा घेतलात तर मोबदला द्या. म्हणूनच पॅडची गरज होती की नाही, हे मोजून ठरवायला मी सांगतोय.

व्यवहारात संध्याकाळी सहा वाजता काउंटरवर कलमं सांगून गाडी सुटत नाही. तुम्ही पैसे भरलेत ते योग्यच केलंत. तशी वेळ पुन्हा आली तर बिलाच्या प्रतीवर सही करताना एक ओळ लिहा: "पुढील कामांना माझी संमती नव्हती, गाडी मिळवण्यासाठी आक्षेप नोंदवून रक्कम भरत आहे." फोटो काढा. तुम्ही तेव्हा लिहिलं नाहीत म्हणून हक्क गेला असं नाही, फक्त आता उशीर करू नका. आठवडाभरात लेखी तक्रार गेली की "तेव्हा तर काही बोलल्या नाहीत" हे उत्तर टिकत नाही.

तक्रार ॲडव्हायझरला करू नका. त्याच्या हातात परतावा नसतो. थेट सर्व्हिस मॅनेजरला ईमेल करा, आणि तोच मजकूर कंपनीच्या कस्टमर केअरला पाठवून तक्रार क्रमांक घ्या. हा क्रमांक महत्त्वाचा. तो कंपनीच्या नोंदीत आला की त्या भागाचा सर्व्हिस बघणारा कंपनीचा माणूस डीलरला उत्तर विचारतो, आणि उघडी तक्रार डीलरच्या गुणांवर परिणाम करते. माझ्या वर्कशॉपच्या दिवसांत समोर येऊन ओरडणाऱ्या ग्राहकापेक्षा मुद्देसूद ईमेल करणाऱ्याचे पैसे लवकर परत जात, कारण ईमेल पुढे दाखवावा लागतो. मजकूर साधा ठेवा. असा:

"माझी गाडी अमुक तारखेला पिरिऑडिक सर्व्हिससाठी दिली होती. मला सांगितलेला अंदाज ७,२०० रुपये होता. बिल १८,९४० रुपयांचे झाले. इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्टंट व अँटिरस्ट कोटिंग या कामांसाठी मला फोन, मेसेज किंवा लेखी विचारणा झाली नाही व मी संमती दिली नाही. या कामांचे ६,०५० रुपये मूळ खात्यात परत करावेत. ब्रेक पॅड व अलाइनमेंटबाबत सही केलेले जॉबकार्ड, तपासणी तक्ता, अलाइनमेंटचा छापील अहवाल आणि जुने पॅड द्यावेत. ते पाहून उरलेल्या रकमेबद्दल कळवेन. सात दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे."

मागणी नेमकी ठेवा. "सगळे पैसे परत द्या" म्हटलं की समोरच्याला तुम्ही अवाजवी वाटता. ६,०५० हा बिलातल्या चार ओळींचा आकडा आहे, त्याला उत्तर द्यावंच लागतं.

बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन येईल आणि "पुढच्या सर्व्हिसला डिस्काउंट देतो" किंवा "एक फ्री वॉशिंग करून देतो" असं सांगतील. घेऊ नका. तो डिस्काउंट वापरायला तुम्हाला पुन्हा त्याच काउंटरवर जावं लागतं. कार्डावर परतावा आणि त्याची क्रेडिट नोट, दोन्ही मागा. फोनवर काही कबूल केलं तर लगेच "आपल्या बोलण्याप्रमाणे..." असा मेसेज टाकून ठेवा.

उत्तरच आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्यांना निकाल देण्याचा अधिकार नाही, पण ते कंपनीकडे तक्रार पोचवतात, आणि एवढ्या रकमेचे वाद पुष्कळदा तिथेच मिटतात. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता तिथे तक्रार करता येते, डीलर कुठलाही असो. फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोवा जिल्ह्यात आहे, त्यामुळे तुमचा आयोग दक्षिण गोव्याचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते, मुदत दोन वर्षं. तरी खरं सांगतो, सहा हजारांसाठी आयोगाच्या तारखा सांभाळायच्या का हे तुमच्या वेळेवर आणि चिडीवर अवलंबून आहे. आयोगात जाण्याची तयारी दाखवणारी नोटीस स्पीड पोस्टाने गेली की पुष्कळ डीलर तिथेच मिटवतात. पोलिसांत जाऊ नका, ते याला दिवाणी वाद म्हणतील आणि ते बरोबरच आहे.

आता दुसरा प्रश्न, डीलर की गॅरेज. तुमची वॉरंटी संपेपर्यंत वेळापत्रकातली सर्व्हिस डीलरकडेच करा. गिअरबॉक्स किंवा एसी कॉम्प्रेसर बसला तर सर्व्हिसच्या नोंदी मागतात, आणि बाहेर केलेल्या सर्व्हिसवरून दावा अडकवायला निमित्त मिळतं. जादाची कामं नाकारल्याने मात्र वॉरंटीला काही होत नाही. "हे नाही केलंत तर वॉरंटी जाईल" असं कुणी म्हटलं तर "ईमेलवर लिहून द्या" एवढंच म्हणा. मी तरी कुणाला ते लिहून देताना पाहिलेलं नाही. आणि तुमचा डीलर वाईट निघाला तर त्याच कंपनीचा दुसरा गाठा. गोव्यात बऱ्याच कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं एकाहून जास्त आहेत, गाडीच्या नोंदी कंपनीच्या सिस्टीममध्ये असतात, फोंड्याहून मडगाव काय आणि पणजी काय, दोन्ही हाताशी आहेत.

वॉरंटी संपल्यावर चांगलं गॅरेज मिळालं तर जरूर जा. ऑइल, फिल्टर, ब्रेक, सस्पेन्शन यासाठी डीलरच लागतो असं काही नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला होता, तो याचसाठी: अस्सल सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण आयोगाने नाव घेतलेली अडचण आम्ही गॅरेजवाले रोज पाहत होतो. आज बहुतेक भाग खुल्या बाजारात मिळतात. गॅरेज निवडताना पक्कं बिल देतो का आणि भागाचं पाकीट दाखवतो का, या दोन गोष्टी बघा. पावती न देणारा स्वस्त गॅरेजवाला न विचारणाऱ्या डीलरइतकाच त्रास देतो. पॅड कुठल्या कंपनीचे बसवले हे सहा महिन्यांनी सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच नसतं.

पुढच्या वेळी गाडी देताना चतुर्थीच्या तीन-चार आठवडे आधी द्या, गर्दी नसते आणि माणूस ऐकायच्या मनःस्थितीत असतो. मॅन्युअलमधल्या तक्त्याचा फोटो मोबाइलवर ठेवा. जॉबकार्डावर सही करण्याआधी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनाने लिहा: "तक्त्याप्रमाणे सर्व्हिस. याव्यतिरिक्त कुठलेही काम मेसेजवर लेखी होकार घेतल्याशिवाय करू नये. बदललेले भाग परत द्यावेत." स्क्रीनवर सही घेत असतील तर हाच मजकूर तक्रारीच्या रकान्यात टाइप करायला सांगा आणि तिथेच उभं राहून बघा. लगोलग ॲडव्हायझरच्या व्हॉट्सॲपवरही तोच पाठवा. दुपारी फोन आला, "मॅडम, पॅड गेलेत", तर हो-नाही म्हणायच्या आधी पट्टी लावलेला फोटो मागा, आतल्या पॅडचा. खरं काम सांगणारा माणूस तो फोटो दोन मिनिटांत पाठवतो.

जॉबकार्ड आणि जुने पॅड मिळाले की पॅडची मापं आणि जॉबकार्डावर सहीच्या वर नेमकं काय छापलंय, ते कळवा. त्या ४,०५० रुपयांबद्दल काय करायचं ते त्यावर सांगता येईल.